सिंदेवाहीच्या कॉमर्स कॉलेजची हजेरी

विद्यापीठाचं पत्र बाबांच्या आधी मी वाचलं. बाबा विहिरीवर होते, पोस्टमन दारात उभा होता आणि पाकिटावर इंग्रजी होतं. सहामाहीत इंग्रजीत पहिली आल्यापासून घरातली इंग्रजी पाकिटं मीच फोडायची, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. कोणी नाही म्हटलं नव्हतं, म्हणजे ते मंजूर.

पत्र जेमतेम सहा ओळींचं. सिंदेवाहीच्या वाणिज्य महाविद्यालयाची चार वर्षांची तात्पुरती मान्यता संपत आली आहे. समिती गुरुवारी, सत्तावीस मार्चला, सकाळच्या गाडीनं येईल. हजेरीपटावरचे निदान पंचवीस विद्यार्थी वर्गात दिसले पाहिजेत. नाही दिसले तर मान्यता पुढे चालणार नाही, आणि यंदाच्या बी.कॉम.च्या मुलांना परीक्षेला बसता येणार नाही.

त्या दिवशी मंगळवार होता, दिवेलागणीची वेळ. पटावर एकतीस मुलं होती. गावात पाच.

बाकीची सव्वीस मोहफुलं वेचायला गेली होती. आमच्या झाडीत मार्चात मोहा पडतो, तोही तीन-चार आठवडेच. पहाटे फुलं पडतात, ती उन्हाच्या आत वेचली नाहीत तर डुकरं आणि अस्वलं तरी खातात, नाहीतर ती सुकून मातीत जातात. घरचं म्हातारं-कोतारं सगळं झाडाखाली असतं. अशा वेळी कॉलेजात जाणाऱ्या पोराला कोण सोडील? बाबा दरवर्षी या दिवसांत पंधरा दिवस सुट्टीच देत. विद्यापीठाच्या कॅलेंडरात मोहा नव्हता.

बाबांनी ओल्या हातानं पत्र घेतलं, दोनदा वाचलं आणि तिथंच विहिरीच्या काठावर बसले.

"हे पत्र सात तारखेचं आहे," ते म्हणाले. "अठरा दिवस कुठं फिरून राह्यलं हे?"

आई आतून म्हणाली, "काय झालं जी?"

"काही नाही."

"काही नाही, तं तिथी काऊन बसले? धोतर ओलं झालं ना!"

हे कॉलेज कसं निघालं ते सांगायलाच हवं, नाहीतर धोतर ओलं होईस्तोवर माणूस का बसून राहतो ते कळायचं नाही. माझे बाबा, गुणवंतराव, हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांनी नागपुरात राहून बी.कॉम. केलं होतं आणि ते इथं कोणाच्याच कामाचं नव्हतं. मग त्यांना दिसू लागलं की तेंदूपानाच्या ठेकेदाराचा मुनीम बाहेरचा, बांबूच्या डेपोचा कारकून बाहेरचा, धानाच्या गिरणीचा मॅनेजर बाहेरचा. आमची माणसं फक्त डोक्यावर आणणारी. बाजारात गोंडीण बाई चारोळीची टोपली घेऊन यायची आणि तेवढीच टोपली मीठ घेऊन जायची, चारोळीला मीठ, मापाला माप. बाबा म्हणायचे, या टोपलीचा भाव ज्याला कळतो असा पोरगा याच गावात तयार झाला पाहिजे. म्हणून चौपन्न साली त्यांनी हायस्कूल सोडलं, बंद पडलेल्या गिरणीचं गोदाम घेतलं, आणि नऊ पोरांना घेऊन कॉलेज काढलं. त्या नवांतले तीन जण दिवाळीला पळाले. दुसऱ्या साली सोळा झाले, तिसऱ्या साली बावीस. नागभीडहून आठवड्यातून दोनदा एक प्रोफेसर यायला लागले. टाइपरायटर आला. दोनशे बारा पुस्तकं झाली. यंदा एकतीस मुलं, आणि पहिल्या नवांतले उरलेले सहा व मागून आलेला एक, असे सात जण बी.कॉम.च्या परीक्षेपर्यंत पोचले होते. आमच्या या भागातले पहिले सात.

त्यांतला एक पोचू. कोसंबीच्या गोंडाचा. त्याच्या मागोमाग कोसंबी आणि तिच्या टोल्यांवरून, म्हणजे आजूबाजूच्या वाड्यांवरून, तेरा जण आले, म्हणजे एकट्या त्या गावाचे चौदा.

आणि मी, वच्छला. कॉलेज आणि आमचं घर एकाच गोदामात, मध्ये बांबूचा तट्टा. मी तट्ट्याच्या अलीकडे अभ्यास करते. चार वर्षं पलीकडचं सगळं माझ्या कानात पडलेलं. हुंडी, भागीदारी, विमा, सगळं. मॅट्रिक झाले की पलीकडे जाऊन बसणार होते. नागपूरला मला कोणी पाठवणार नव्हतं, तेव्हा हाच एक तट्टा ओलांडायचा होता.

बुधवारी सकाळी बाबांनी तार केली: मुदत द्या. तिचं उत्तर आलंच नाही. कॉलेजचे शिपाई मुखरूभाऊ सायकल घेऊन उत्तरेकडच्या गावांना गेले. मी आणि बाबा बैलगाडीनं कोसंबीला. मी का, तर मी म्हटलं, "तुम्ही कोणाला जोर करून बोलत नाही, बाबा. मी बोलते." बाबा हसले नाहीत. गाडीत बस म्हणाले.

गावाच्या शिवेवर वाट बंद होती. दोन झाडांना आडवी दोरी बांधलेली, तिला आंब्याची पानं लटकवलेली. दोरीच्या पलीकडे खाटेवर एक म्हातारा बसला होता, गावचा गायता, म्हणजे पुजारी. चैतू त्याचं नाव.

"राम राम, चैतूबाबा," बाबा म्हणाले. "पोरांना न्यायला आलो."

"नाई जमत, मास्तर. गाव बांधलं."

त्यानं समजावून सांगितलं. नव्या मोहाचा पंडुम, म्हणजे सण, चालू होता. देवाला नवी फुलं दाखवल्याशिवाय नवा मोहा कोणी तोंडात घालत नाही, आणि त्या तीन दिवसांत गावातून कोणी बाहेर जात नाही, बाहेरचं कोणी आत येत नाही. शुक्रवारी सकाळी दोरी सुटेल.

"परवा?" मी ओरडलेच. "समिती उद्या येते! बाबा, शुक्रवारी काय उपयोग?"

माझा आवाज ऐकून पोचू आला. मागे त्याचा चुलतभाऊ झिंगू, जो यंदाच पहिल्या वर्षाला आला होता. दोघेही दोरीपासून दोन हात लांब उभे राहिले. बाबांनी त्यांना पत्र वाचून दाखवलं. पोचूचा चेहरा उतरत गेला तो मला दिसला.

"पोचूभाऊ," मी म्हटलं, "तुमचीच परीक्षा आहे ना? चार वर्षं शिकून राह्यले, आन एक दोरी ओलांडत नाई?"

"वच्छला, मले का समजत नाई का?" तो म्हणाला. "मी ओलांडीन. मंग पुढच्या पंडुमपर्यंत माझ्या घरचा मोहा गावात कोणी खाणार नाई, माझ्या मायच्या हातचं पाणी कोणी पेणार नाई. मी तं सिंदेवाहीले राहीन. ते इथीच राह्यते."

"एक वर्षच ना!"

"तुले एक वर्ष दिसून राह्यलं," चैतू म्हणाला. त्याला राग आला नव्हता, तो फक्त सांगत होता. "पोरी, दोन दिवस तुमचा साहेब नाई थांबत का? आमचा देव तं वर्षभर थांबते."

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चल."

"अहो पण—"

"चल, म्हटलं ना."

परतताना ते बैलाच्या शेपटीकडे बघत बसले. एकदाच म्हणाले, स्वतःशीच म्हटल्यासारखं, "सात जणांना काय सांगू?" माझे बाबा असे कधी बोललेले मी ऐकले नव्हते. ते फळ्यासमोर उभे राहिले की पोरं चिडीचूप व्हायची, आणि इथं ते बैलाच्या शेपटीला प्रश्न विचारत होते. मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी मला युक्ती सुचली. अशी युक्ती, की मी गाडीतच टाळी वाजवली.

मुखरूभाऊ आमच्या आधी परतले होते. हात हलवत. "घरात कुत्रंबी नाई, सर. सगळे जंगलात. कोणत्या झाडाखाली पाहू? निरोप तेवढे ठेवून आलो."

मी हातपायही न धुता लटारूभाऊच्या दुकानात गेले.

लटारूभाऊ म्हणजे शिंपी, आणि आमच्या गावच्या नाटक मंडळीचा मालक. धान निघालं की आमच्याकडे गावोगावी नाटकं होतात आणि लटारूभाऊची मंडळी त्यात नावाजलेली. मोसम नुकताच संपला होता, त्यामुळे सगळे नट गावातच होते.

"एकवीस जण पाहिजेत," मी म्हटलं. "उद्या सकाळी अकरा वाजता. विद्यार्थ्याचं काम. बाकावर बसायचं, नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं."

लटारूभाऊनं मशीन थांबवलं. "दिवसाचा खेळ?"

"खेळ नाही हो! कॉलेज वाचवायचं आहे."

"म्हणजे खेळच ना. पडदा?"

"पडदा नाही."

"रंग?"

"काही नको. साधे कपडे, वही, पेन्सिल."

"संवाद?"

"एकच. हजर."

"आन साहेबानं अजून काही विचारलं तं?" तो म्हणाला. "आमचे नट पाठ करत नाईत, बाई. आम्ही हंगामात दहा दहा खेळ लावतो, कोण पाठ करन? मागून प्रॉम्प्टर बोलते, तसं आम्ही बोलतो. तुमच्या खेळाले प्रॉम्प्टर कोण?"

"मी," मी म्हटलं. "तट्ट्यामागून."

लटारूभाऊनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "सर्कशीत जाय तू."

"कोणाला सांगू नका."

"छे! फक्त नटांले सांगीन."

रात्री जेवताना मी बाबांना म्हटलं, "उद्या सव्वीस मुलं असतील." बाबांचा घास हातात राहिला. ते माझ्याकडे बराच वेळ बघत होते. मला वाटलं, आता विचारतील, कोणती मुलं? त्यांनी विचारलं नाही. पुन्हा खाली बघून जेवायला लागले. ते त्यांनी विचारायला हवं होतं, आणि मला माहीत आहे की त्यांनाही ते माहीत होतं.

गुरुवारी समिती आली. दोघंच. अध्यक्ष उंच, सावळे, काळा कोट, उन्हातही वरपर्यंत बटणं लावलेली. बरोबर एक तरुण प्रोफेसर, लिहून घ्यायला. मी तट्ट्याच्या फटीला डोळा लावून उभी.

वर्गात सव्वीस जण! पाच खरे, एकवीस लटारूभाऊचे. केस चोपून बसवलेले, वह्या उघड्या. राजाचं काम करणारे सोमाजीभाऊ पहिल्या बाकावर. नेहमी बाईचं काम करणारा इतवारी तिसऱ्या बाकावर मान खाली घालून लाजत बसलेला, त्याला सवयच तशी. बाबा टेबलापाशी उभे. त्यांनी वर्गात पाऊल टाकलं तेव्हा काही क्षण ते दारातच थांबले होते. मग त्यांनी हजेरीपट उघडला. ते नाव पुकारू लागले, आणि दर नावाला आवाज बारीक होत गेला.

"पोचू..."

"हजर!" सोमाजीभाऊ गरजले. गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

अध्यक्षांनी मान वर केली. सव्वीस हजर. तरुण प्रोफेसरानं आकडा लिहिला. लिहिला! मी इकडं तोंडात पदर कोंबून नाचत होते.

मग अध्यक्ष पहिल्या बाकापाशी आले. त्यांनी इंग्रजीत प्रश्न विचारला आणि म्हणाले, उत्तर मराठीत दिलं तरी चालेल. प्रश्न सोपा होता. हुंडी म्हणजे काय?

सोमाजीभाऊ उठले. दोन पावलं बाकाबाहेर आले. मी फटीतून हळूच म्हटलं, "हुंडी म्हणजे एका माणसानं दुसऱ्या माणसाला लिहिलेला बिनशर्त हुकूम."

"हुंडी म्हणजे," सोमाजीभाऊंनी उजवा हात वर नेला, "एका माणसानं दुसऱ्या माणसाले लिहिलेला बिनशर्त... हुकूम!"

हुकूम हा शब्द त्यांच्या आवडीचा. आयुष्यभर राजा झालेला माणूस तो. त्यांनी असा काही उच्चारला, की माझ्याच अंगावर काटा आला.

"की अमुक मुदतीनं," मी.

"की अमुक मुदतीनं!"

"अमुक रक्कम अमक्याला, किंवा तो सांगेल त्याला, द्यावी."

"द्यावी!" सोमाजीभाऊंनी छातीवर मूठ आपटली. "द्यावी! द्यावीच लागेल!"

हे शेवटचं मी सांगितलं नव्हतं.

आणि खिडकीबाहेरून आवाज आला, "वन्स मोर!"

मी दुसऱ्या फटीतून बाहेर पाहिलं. गोदामाभोवती अर्धं गाव. लटारूभाऊनं फक्त नटांना सांगितलं होतं, नटांनी फक्त घरी सांगितलं होतं, आणि सिंदेवाहीत दिवसाचा खेळ आहे म्हटल्यावर कोण घरी बसतं? लोक चटया घेऊन आले होते. लेकरं खिडकीच्या गजांना लटकली होती. आत साहेब आहेत म्हणून इतका वेळ सगळे दम धरून होते, पण सोमाजीभाऊंच्या त्या 'हुकूम'पुढे कोणाचा दम टिकणार?

तेवढ्यात दारातून रुखमाबाई आत आली. रुखमाबाई नाटकाच्या मांडवात मुरमुरे विकते. आमच्याकडे एखाद्या नटानं काम चांगलं केलं की खेळ चालू असतानाच लोक मंचावर जातात आणि त्याच्या छातीवर नोट टाचतात. तसं तिनं केलं. सरळ अध्यक्षांच्या समोरून गेली, सोमाजीभाऊंच्या सदऱ्याला टाचणीनं रुपयाची नोट लावली, आणि वर्गाकडे वळून मोठ्यानं पुकारलं, "सोमाजीभाऊले रुखमाबाईकडून एक रुपया इनाम! राजा असावा तं असा!"

सोमाजीभाऊंनी कमरेत वाकून नमस्कार केला. सवयीनं.

अध्यक्षांनी आधी नोटेकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"हे काय आहे, प्राचार्य?" अध्यक्षांनी विचारलं.

बाबांनी हजेरीपट मिटला. "यांतले पाच माझे विद्यार्थी आहेत," ते म्हणाले. "बाकीचे नाहीत. पटावरची नावं मात्र खरी आहेत. मुलं मोहाला गेली आहेत. ही... ही कल्पना माझी."

"खोटं!" मी तट्टा बाजूला सारून बाहेर आले. "माझी कल्पना. बाबांना माहीत नव्हतं. उत्तरंही मीच सांगत होते."

मला वाटलं होतं, खरं सांगते तुम्हांला, मला वाटलं होतं की ते माझ्याकडे बघून थक्क होतील. दहावीतली पोरगी आणि हुंडीची व्याख्या! मी मान ताठ करून उभी होते. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गुणवंतराव," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला नाही, तेच भयंकर होतं. "मी याच भागात फिरतोय. मोहा काय असतो ते मला माहीत आहे. तुम्ही पाच मुलं दाखवली असती आणि कारण सांगितलं असतं, तर एका वर्षाची मुदत द्यायचा अधिकार मला होता. मी ती दिली असती. आता मी काय करू? ज्या पटावर नट हजर होतात, त्या पटावरची सात नावं परीक्षेला कशी बसवू? ते सात तरी आहेत का?"

"आहेत, साहेब." बाबांनी हात जोडले. फळ्यासमोर उभं राहून, नटांसमोर, खिडकीतल्या लेकरांसमोर. "कॉलेज बंद करा. मला काही म्हणायचं नाही. पण त्या सातांना बसू द्या. उद्या सकाळी गाव सुटतं. उद्या दुपारपर्यंत थांबा."

"आमची गाडी तीनची आहे. उद्या चांद्याला दुसरं काम आहे."

ते गेले. लटारूभाऊची मंडळी एकेक करून खाली मान घालून निघाली. सोमाजीभाऊंनी नोट काढून टेबलावर ठेवली, मग पुन्हा उचलली, मग पुन्हा ठेवली. बाबा तीन वाजेपर्यंत तिथंच बसले होते. गाडीची शिटी ऐकू आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मला त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवारी साडेअकराला कोसंबीची चौदा पोरं आठ मैल पळत आली. दोरी सुटल्याबरोबर निघाली होती. मुखरूभाऊंच्या निरोपांनी आणखी नऊ जण आले. गावातले पाच. अठ्ठावीस! सगळे घामानं निथळलेले, आणि वर्ग रिकामा.

"कुठी आहे समिती?" पोचूनं विचारलं.

"गेली," बाबा म्हणाले. "मुलं कमी दिसली त्यांना." तेवढंच. नटांचं त्यांनी काही सांगितलं नाही. मला वाचवलं त्यांनी, आणि मी वाचले.

मग बाबा उठले. "चांद्याला आहेत ते," म्हणाले. "चला."

"कोण?"

"सगळे."

तीनच्या छोट्या गाडीत आम्ही अठ्ठावीस अधिक दोन चढलो. हो, मीपण. आई नाही म्हणाली, बाबा म्हणाले येऊ दे. चांद्याच्या स्टेशनवर झोपलो. शनिवारी सकाळी डाकबंगल्याच्या अंगणात, चिंचेखाली, पोरं चार रांगांत बसली. बाबांनी हजेरी घेतली. अध्यक्ष व्हरांड्यात चहा पीत होते. कप तसाच हातात धरून ते अठ्ठावीस नावं ऐकत राहिले. मग खाली उतरले आणि पोचूला उठवलं.

यावेळी प्रश्न कठीण होता, मला येत नव्हता. पोचू उभा राहिला, हात बाजूला, आवाज असा की पाचव्या माणसाला ऐकू जाणार नाही. हळूहळू, अडखळत, पण सगळं सांगितलं. मग दुसऱ्यानं. सातही जणांना विचारलं त्यांनी. एक तास लागला.

अध्यक्षांनी तरुण प्रोफेसराकडून कागद मागून घेतला आणि लिहिलं. सात जण यंदा परीक्षेला बसतील. कॉलेजची मान्यता मात्र पुढे चालणार नाही. "ते आता माझ्या हातात नाही," ते बाबांना म्हणाले. "गुरुवारचा अहवाल कालच्या टपालानं गेला."

बाबांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. "उपकार झाले," म्हणाले.

परतीच्या गाडीत सात जण बोलत होते आणि एकवीस जण गप्प. झिंगू दारात पाय सोडून बसला होता. त्याचं पहिलं वर्ष संपत आलेलं, आणि दुसरं वर्ष आता जगात कुठंच नव्हतं. नागपूरला त्याला कोण पाठवणार? जसं मला पाठवणार नव्हतं, तसंच त्याला.

"आमच्या पंडुमपायी गेलं कॉलेज," पोचू म्हणाला. कोणाला उद्देशून नाही, असंच. "चैतूबाबाले हे सांगावं लागन. म्हातारा खचन. पोरांसाठी त्यानंच गावाले समजावलं होतं, शिकू द्या म्हणून."

बाबा खिडकीबाहेर बघत होते.  मला कळलं की मी गप्प बसले तर ते कायमचे गप्प बसतील. कोसंबीच्या लोकांना आयुष्यभर वाटत राहील की आपल्या देवानं कॉलेज बुडवलं, आणि पुढच्या पोराला कोणी शिकायला सोडणार नाही. मी कधीच कशाला घाबरत नाही असं माझं सहा महिन्यांपासून चाललं होतं. त्या डब्यात मात्र मी घाबरले.

"पंडुमपायी नाही," मी म्हटलं. "माझ्यापायी."

सगळं सांगितलं. लटारूभाऊचं दुकान, सोमाजीभाऊंचा हुकूम, रुखमाबाईची नोट. नोटेपाशी दोघं-तिघं हसलेसुद्धा, झिंगू तर मोठ्यानं हसला. मग मी अध्यक्षांचं ते वाक्य सांगितलं, पाच मुलं दाखवली असती तर एक वर्ष मिळालं असतं, हे. हसू थांबलं. गाडीनं राजोली स्टेशन सोडलं.

"म्हणजे," झिंगू म्हणाला, "आम्ही गावातच राह्यलो असतो, आन तुम्ही काहीच केलं नसतं, तं कॉलेज राह्यलं असतं?"

"हो."

"काहीच नाई केलं असतं तं?"

"हो, झिंगू."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबांनी मान डोलावली. झिंगूनं पाय आत घेतले आणि दाराकडे पाठ करून बसला.

मग पोचू म्हणाला, "हे तू कोसंबीले येऊन सांगजो. मी नाई सांगणार. चैतूबाबाच्या तोंडावर, सगळ्या गावासमोर."

"येते," मी म्हटलं.

"उद्या."

"उद्या येते."

"ते शिव्या देतीन."

"देऊ देत."

बाबांनी खिडकीबाहेरची नजर काढली नाही, पण खिडकीवरचा त्यांचा हात काढून बाकावर, माझ्या हाताच्या शेजारी ठेवला. "बैलगाडी मिळायची नाही," ते म्हणाले. "पायी जावं लागेल. पहाटे निघू."